डावी नळी

सोमवार, ९ जानेवारी २०२३

पोचले एकदाची मुलुंडला. दोन बॅगा, बाबांची हत्यारांची पेटी आणि आईनं जबरदस्तीनं दिलेला कांदा-लसूण चटणीचा डबा, एवढं सामान. आई म्हणाली होती, मुंबईत श्वास घ्यायलाही रांग लावावी लागते. इथे तर खोलीच्या खिडकीतून चक्क डोंगर दिसतो, आणि सोसायटीच्या फाटकावर ‘बिबट्यापासून सावध राहा’ अशी पाटी आहे. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, ताबडतोब परत ये. फार हसले मी.

नानांचं दुकान पाच रस्ता नाक्यापासून चार मिनिटांवर. एका अंगाला फरसाणवाला, दुसऱ्या अंगाला चष्मेवाला आणि मध्ये हे बंदुकांचं दुकान. बाहेरून कुणाला कळणारही नाही. दोन शटर, एक जाळीचा दरवाजा, मग घंटी. नाना कारखानीस अडुसष्ट वर्षांचे आहेत. आयुष्य बारांच्या आवाजात गेल्यामुळे उजव्या कानानं कमी ऐकतात आणि त्यामुळे सगळ्या जगाशी ओरडून बोलतात. मला बघताच ओरडले, “रामनाथची पोरगी ना तू? नाक तेच!” बाबांनी कोल्हापुरात चाळीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या. नानांची अर्धी गिऱ्हाईकं तेव्हा दुरुस्तीला त्यांच्याकडेच माल पाठवायची.

काम मनासारखं आहे. एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत असा कायदा झाला, तेव्हापासून लोकांनी जास्तीच्या बंदुका परवानाधारक दुकानांत जमा केल्या. नानांकडे त्रेसष्ट आहेत. बऱ्याच दुनाळी, बऱ्याच शंभर वर्षांच्या पलीकडच्या. कुणाचे आजोबा गेले, कुणाला आता नकोच आहेत. प्रत्येकीची ओळख पटवायची, कुणी केली, कधी केली, अवस्था काय, संग्राहकाच्या दृष्टीनं मोल काय, ते लिहून काढायचं. वर पोटमाळ्यावर मला स्वतंत्र टेबल, उत्तरेकडची खिडकी आणि चांगला दिवा दिलाय. नाना म्हणाले, “वर तुझं राज्य. चहा मात्र माझ्या हातचा.”

झकास!

बुधवार, ११ जानेवारी

दोन दिवसांत सात बंदुका झाल्या. कामाची लय सापडली.

आधी नळ्या लाकडी दस्त्यापासून सोडवायच्या. मग खालच्या सपाट भागावरचे शिक्के भिंगातून वाचायचे. विलायतेत प्रत्येक नळीची बार काढून परीक्षा होत असे आणि पास झाल्यावर शिक्का बसे. त्या शिक्क्यांवरून जन्मसाल कळतं, कोणती काडतुसं चालतील ते कळतं. मग नळ्या दोरीला टांगून लाकडी हातोडीनं हलकेच टोला द्यायचा. जोड पक्के असतील तर देवळातल्या घंटेसारखा नाद लांबत जातो. बाबा डोळे मिटून ऐकायचे.

शेवटी जाडी. गेजचा एक पाय नळीच्या आत, एक बाहेर, आणि काटा सांगतो धातू किती उरलाय. जुन्या नळीला आतून गंजाचे खड्डे पडतात. कुणीतरी हुशारी करून ती आतून घासतो, आरशासारखी चकाकवतो. दिसायला देखणी होते, पण तेवढी पातळ होते. डोळ्यांना हे कधीच कळत नाही. मोजावंच लागतं.

नानांनी एकच नियम घालून दिला. बंदुकीला हात लागला की ठेवण्याआधी तेलाचं फडकं फिरवायचं. काही माणसांचा घाम खारट असतो, त्यांनी नुसता हात लावला तरी दुसऱ्या दिवशी पोलादावर बोटं उमटतात, तांबेरलेली. बाबांकडे एक शिपाई यायचा, त्याला बाबा बंदूक हातातच देत नसत. माझे हात कोरडे आहेत. माझं बोट आजवर कुठे उमटलं नाही.

शनिवार, १४ जानेवारी

भोगी. सकाळी एक बाई आल्या, सुहासिनी काकू. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त. पूर्वेला राहतात. खादीची साडी, पाठ ताठ, हातात स्टीलचा डबा. बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. म्हणाल्या, “नाना म्हणाले परगावची मुलगी आलीय, एकटी आहे. सणाला डब्याशिवाय कशी राहील?” वर तिळगूळही दिला. मला एकदम घर आठवलं.

त्यांच्या यजमानांच्या दोन बंदुका इथे जमा आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मोठे हौशी. शिकारीची नव्हे, दर रविवारी रेंजवर जाऊन मातीच्या तबकड्या उडवायची हौस. पाच वर्षांपूर्वी गेले. काकू गेल्यावर नानांनी, आवाज खाली आणून (म्हणजे फक्त शेजारच्या चष्मेवाल्याला ऐकू जाईल इतका), सांगितलं की अण्णांच्या हातात बंदूक फुटली. डाव्या हाताची दोन बोटं जागीच गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. नंतर जंतुसंसर्ग झाला, अकरा दिवसांनी संपले. ती तिसरी बंदूक इतकी वर्षं तपासात अडकली होती. पुढच्या आठवड्यात परत मिळतेय. काकूंना तिन्हींचा निकाल लावायचाय. दोन विकायच्या, फुटलेली कापून टाकायची.

या धंद्यात असं ऐकायला मिळतंच. तरी डबा धुताना वाईट वाटत राहिलं.

मंगळवार, १७ जानेवारी

ती बंदूक आज आली.

गोणपाटात गुंडाळलेली होती, लाखेचे शिक्के लावलेले. नाना खाली गिऱ्हाइकात होते, मी एकटीनं सोडली. बर्मिंगहॅमच्या एका लहानशा कारागिराची, पट्ट्या पिळून केलेल्या नळ्यांची, बाहेर घोडे असलेली. डावी नळी मधोमध फाटून केळीच्या सालीसारखी उलगडली होती. मी नेहमीप्रमाणे घोड्याखालची बगलेची पोलादी पट्टी पुसली. कोरीवकाम वर आलं. पाणलावा पक्षी, उडता. त्याच्या शेपटीची अर्धी पिसं कोरायची राहून गेलेली.

हा पक्षी मी पाहिला आहे.

क्रमांक बघायची गरज नव्हती, तरी बघितला.

२०१५ साली मी पुण्यात एका दुकानात होते. ही बंदूक तिथे विक्रीला आली होती. अहवाल मी लिहिला होता. त्या दिवशी शुक्रवार होता, मला पावणेपाचची कोल्हापूरची गाडी गाठायची होती आणि गेज पेटीतून काढून जुळवायला अर्धा तास लागतो. बंदुकीसोबत १९९८चा एक जुना अहवाल होता. त्यातले जाडीचे आकडे मी उतरवून घेतले. नळी आतून आरशासारखी चकाकत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली होती. खरं लिहायचं तर आली होती. मी ‘जाडी मोजली, सुस्थितीत, वापरास योग्य’ असं लिहून सही केली आणि गाडी पकडली. गाडीत शेंगदाणे खाल्लेले आठवतात.

नानांनी चहा आणला तेव्हा म्हणाले, “काय गं, चेहरा का असा?” मी म्हटलं, डोकं दुखतंय.

बुधवार, १८ जानेवारी

फाटलेल्या जागेच्या कडेला गेज लावलं. त्या जागी निदान पंचवीस हजारांश इंच धातू हवा. माझ्या अहवालात तीस आहे. गेजवर नऊ आलं. तीनदा मोजलं. नऊ म्हणजे एखाद्या निमंत्रणपत्रिकेच्या कागदाइतकं.

दुपारी काकू आल्या. मी न विचारता त्यांनी सगळं सांगितलं, शांतपणे, फळ्यावर गणित सोडवावं तसं. त्या रविवारी काडतुसं मुलगा घेऊन आला होता, प्रज्योत. अण्णांची नेहमीची हलकी काडतुसं संपली होती, त्यानं एक पायरी वरची घेतली. पंचनाम्यात तेच आलं: जादा भाराची काडतुसं, जुनी बंदूक. गुन्हा शाबित झाला नाही, पण काकूंच्या लेखी झाला. त्यांनी त्याला बापाला अग्नी देऊ दिला नाही. पुतण्याकडून दिला. त्यानंतर त्याला घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही. तो घाटकोपरला एकटा राहतो.

“एकच मुलगा आहे मला,” त्या म्हणाल्या. “पण त्यानं एकदा डबीवर काय लिहिलंय ते वाचलं असतं, तर मला नवराही असता.”

मी मान खाली घालून तेलाच्या फडक्याची घडी करत राहिले. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. ती काडतुसं चांगल्या नळीला काहीही करू शकली नसती. आणि त्या नळीत हलकी घातली असती तरी ती पुढच्या रविवारी फुटली असती.

जाताना अण्णांची फाईल ठेवून गेल्या. कागद लागले तर बघ म्हणाल्या. उघडली. सर्वांत वर माझा अहवाल. पूर्ण नाव नाही, दुकानाचा शिक्का आणि माझी आद्याक्षरं.

उद्या सांगेन. आधी नानांना, मग काकूंना.

गुरुवार, १९ जानेवारी

सांगितलं नाही.

अहवाल फाईलमधून काढून घरी आणला. आईनं दिलेल्या चटणीच्या डब्याशेजारी, पत्र्याच्या ट्रंकेत, साडीखाली ठेवला. फक्त नीट विचार करायला म्हणून. लपवला असं नाही.

लपवला.

शुक्रवार, २० जानेवारी

अण्णांच्या दोन चांगल्या बंदुकांपैकी एकीवर आज बोटं उमटलेली दिसली. नळ्यांच्या खाली, जिथे नेम धरताना डावा हात येतो तिथे. तांबेरलेली, ताजी. काल मी स्वतः तेल लावून ठेवली होती. नाना ओरडले, मी नियम मोडला म्हणून. मी ऐकून घेतलं, बारीक पोलादी लोकरीनं घासून डाग काढला.

घासताना मोजली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. पुढे काहीच नव्हतं.

कदाचित तेवढीच टेकली असतील.

शनिवार, २१ जानेवारी

दुसऱ्या बंदुकीवरही. आणि तिच्या शेजारच्या तीन बंदुकांवर, ज्यांचा अण्णांशी काही संबंध नाही. सगळ्यांवर त्याच जागी, डाव्या हाताचा तळवा आणि तीन बोटं. तळवा माझ्यापेक्षा मोठा आहे. ठेवून पाहिला.

नानांना दाखवलं. ते पहिल्यांदाच हळू बोलले. म्हणाले, तुझा हात नाही हा. मग स्वतःच म्हणाले, खाडीकडची हवा आहे, दमट, असं होतं कधी कधी. मुलुंडला आजवर असं झालं होतं का, असं मी विचारलं. ते चहा ठेवायला गेले.

मंगळवार, २४ जानेवारी

प्रज्योत दुकानात आला. पस्तिशीचा असेल, कानशिलं पांढरी. आईची ताठ पाठ त्याच्याकडेही आहे. बंदूक कापणार असल्याचं कुणाकडून तरी कळलं होतं. एकदा बघायची होती. नानांनी त्याला वर पाठवलं.

त्यानं हात लावला नाही. पाठीमागे हात बांधून उभा राहिला, संग्रहालयात राहावं तसा. मग मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार आहात. एकच विचारतो, खरं सांगा. मी अठ्ठावीस ग्रॅमची आणायची ती बत्तीसची आणली. अठ्ठावीसची आणली असती तर अण्णा वाचले असते ना?”

मी म्हटलं, “सांगता येत नाही.”

“साधारण तरी?”

“नाही सांगता येत.”

त्यानं मान हलवली. म्हणाला, “चालेल. मी पाच वर्षं हो असंच धरून चाललोय. सवय झालीय.” जाताना थँक्यू म्हणाला. मला थँक्यू म्हणाला तो.

तो जिना उतरला आणि मी गेज उचललं. गेजच्या मुठीवर तीन बोटं होती. तो माणूस गेजजवळ आलाही नव्हता. आणि गेज मी दहा मिनिटांपूर्वी पुसलं होतं.

बुधवार, २५ जानेवारी

काकूंनी लेखी मूल्यांकन मागितलं, बंदूक कापायची परवानगी घ्यायला लागतं म्हणून. मी लिहिलं. ‘मूल्य शून्य. नळी फाटण्याचं कारण आता निश्चित करता येत नाही. नळीत मूळचा दोष आढळत नाही.’ सही केली. या वेळी पूर्ण नाव.

लिहिताना गाडी पकडायची नव्हती. कसलीच घाई नव्हती. तरी लिहिलं.

घरी आले तर दाराच्या कडीवर बोटं.

शुक्रवार, २७ जानेवारी

स्टील गंजत नाही. पाणी प्यायच्या भांड्यावर, डब्याच्या झाकणावर, चमच्यावर. सकाळी घासते, दुपारी परत. तांबडी, ओलसर. बोट लावून चाटून बघितलं, का बघितलं कोण जाणे. खारट लागलं.

बाहेर जाऊन काचेचा पेला आणला. प्लास्टिकचे चमचे आणले. शेजारच्या बाई विचारत होत्या, भांडी का टाकतेस? चांगली आहेत की.

त्यांना दिसत नाहीत ती बोटं. नानांना मात्र दिसली होती — की तेही मला बरं वाटावं म्हणून —

सोमवार, ३० जानेवारी

आज कापली.

पवईकडच्या एका वर्कशॉपमध्ये नाना, मी, एक पोलीस हवालदार आणि काकू. काकू येतील असं वाटलं नव्हतं. कारागिरानं नळ्या शिकंज्यात धरल्या आणि मशीन सुरू करण्याआधी विचारलं, करू ना मॅडम? सगळे माझ्याकडे बघत होते. जाणकार मी होते.

थांबा एवढंच म्हणायचं होतं. नऊ हजारांश इंचांची ती कड म्हणजे प्रज्योतची सुटका होती. तिथे, त्या शिकंज्यात.

मी म्हटलं, करा.

पातं नळीला लागलं तेव्हा नळी वाजली. मशीनच्या आवाजातूनही ऐकू आली, टांगून टोला दिल्यावर वाजते तशी, लांब. फुटलेली नळी अशी वाजत नाही. वाजूच शकत नाही. काकूंनी डोळे मिटले होते. कीस खाली पडत होता, आणि पडता पडताच तांबडा होत होता.

मंगळवार, ३१ जानेवारी

डाव्या मनगटावर. घड्याळाच्या पट्ट्याखाली असेल असं वाटलं. पट्टा काढला. तांबडा अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला. कुणी मनगट धरल्यासारखी.

साबण. लिंबू. रॉकेल. कातडी सोलली, बोटं तशीच. आतून आहेत.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे.

बुधवार, १ फेब्रुवारी

कामाला गेले नाही. नानांचा फोन आला, रॅकवरच्या सगळ्या बंदुका — त्रेसष्टच्या त्रेसष्ट — म्हणाले तू ये आणि बघ. ओरडत नव्हते. घाबरले होते.

सांगायचं ठरवलं. खरंच ठरवलं. अहवाल घ्यायला ट्रंक उघडली.

अहवालाला वर फक्त एक टाचणी होती. साधी टाचणी. ती गंजली आहे आणि गंज कागदात उतरत गेला आहे, पानभर, पाण्यासारखा. ‘तीस’ जिथे होतं तिथे भोक आहे. ‘जाडी मोजली’ तिथे भोक. शिक्का गेला. खाली फक्त माझी आद्याक्षरं स्वच्छ राहिली आहेत.

हात लावला तशी बाकीची घडीही चुरून गेली.

गुरुवार, २ फेब्रुवारी

सकाळी दहाला काकूंकडे गेले. सांगितलं. सगळं. शुक्रवार, गाडी, जुने आकडे, नऊ. गेली पाच वर्षं तुम्ही चुकीच्या माणसाला शिक्षा देताय, असंही बोलून गेले. रडले.

त्या ऐकत होत्या. माझं झाल्यावर पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“त्यानं पाठवलं ना तुला?” त्या म्हणाल्या.

“नाही हो काकू. शप्पथ.”

“मग दाखव. कुठे आहे तो अहवाल?”

मी रुमालातला चुरा दाखवला.

“आणि बंदूक?”

“कापली,” मी म्हटलं.

त्यांनी कपाटातून माझं गेल्या आठवड्यातलं मूल्यांकन काढलं, समोर ठेवलं. माझं पूर्ण नाव, माझी सही. ‘नळीत मूळचा दोष आढळत नाही.’ त्या रागावल्या नाहीत. उलट माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, “तुझं मन चांगलं आहे गं. आम्हा मायलेकांना जोडायला निघालीस. पण खोटं बोलून कुणी जोडलं जात नाही.”

दारापर्यंत पोचवायला आल्या. मी म्हटलं, मी लिहून देते, माझ्या अक्षरात, कोर्टात चालेल असं. त्या थकून म्हणाल्या, “दे लिहून. मग बघू.”

त्यांच्या भिंतीवर अण्णांचा फोटो आहे. मी वर बघितलं नाही.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी, दुपार

सकाळपासून तीनदा लिहायला बसले. कागद सरकतो. डावा हात कोपरापर्यंत गेला आहे. उचलून मांडीवर ठेवावा लागतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

खिडकी उघडी आहे. लख्ख ऊन. खाली मुलं खेळताहेत. फरसाणाचा वास येतोय — नाही, इतक्या लांब कसा येईल — तेल आहे. बंदुकीचं तेल.

या वहीतच लिहिते, पानं फाडून देईन. नाना, ही वही तुम्हाला मिळाली तर आधी घाटकोपरला न्या. प्रज्योतला द्या. मग काकूंना. हा क्रम बदलू नका.

कागद आता सरकत नाही.

माझा डावा हात मांडीवर आहे. मला तो दिसतोय, मांडीवर आहे.

पान कुणीतरी धरून ठेवलं आहे.

कडेला तांबडं उमटतंय — एक — दोन — तीन — वर बघणार नाही. ते काही करत नाहीत. नुसतं धरून ठेवलंय, मी लिहावं म्हणून. घट्ट. पान फाटेल इतकं घट्ट. लिहिते. लिहिते आहे ना —

मी, कल्पिता रामनाथ, शुद्धीत राहून लिहून देते की २०१५ साली सदर दुनाळी बंदुकीची तपासणी मी केली. प्रज्योतनं आणलेल्या काडतुसांचा दोष नाही. त्याचा काहीही दोष नाही. उजवी नळी मोजली नव्हती. डावी नळी —

माझा उजवा हातही धरलाय — लेखणीवर — थंड —

डावी नळी मोजली नव्हती. मी मोजली नव्हती. मी मोज